रिकाम्या हातांनी बोकड्या पहाड

आमच्या गावच्या बायकांना जंगल शिकवायला जाऊ नये. मोहफूल कोणत्या झाडाचं आधी गळतं, तेंदूचं रुंद पान कोणत्या नाल्याच्या काठी मिळतं, कुठल्या वळणावर अस्वल बसलेलं असतं, हे सगळं त्यांना तोंडपाठ आहे. पण याच बायकांना एकदा म्हणून पाहा, चला, जंगलात नुसतं फिरून येऊ. तुमच्याकडे अशा बघतील की जणू तुम्हाला ताप चढला आहे आणि तो डोक्यात गेला आहे.

मी म्हणून पाहिलं, म्हणून सांगते. मी रुपा. तीन वर्षांपासून अभयारण्याच्या गेटवर गाईड आहे. वनखात्याचं प्रशिक्षण निघालं तेव्हा माझ्या नवऱ्यानंच, जागेश्वरनंच, मला पाठवलं. म्हणाला, तुझं तोंड दिवसभर चालतंच, त्याचा कुठे तरी उपयोग होऊ दे. तोंड चालतंच माझं, खोटं कशाला बोलू. नागपूरचे, पुण्याचे लोक जिप्सीत बसतात, मी त्यांना पाऊलखुणा दाखवते, पक्ष्यांची नावं सांगते, आणि कोणी मोठ्यानं गाणी लावली तर साहेब असो की साहेबाचा साहेब, तिथल्या तिथं बंद करायला लावते.

माझ्या सासूबाईंना, चंद्रभागाबाईंना, यातलं काहीच पटत नसे. काम करायला त्यांची ना नव्हती. त्यांची अडचण वेगळीच होती. एवढी शिकलीसवरली माणसं गाडीभाडं भरून जंगलात येतात आणि परत जाताना एक काडीसुद्धा नेत नाहीत, हे त्यांच्या डोक्यात शिरत नसे. आमच्याकडे जंगलातून रिकाम्या हातानं घरी येणं म्हणजे दिवस वाया घालवणं. काड्या आणाव्यात, पळसाची पानं आणावीत, झाडूचं गवत आणावं, काहीच नाही तर निदान ओटीत चार बोरं तरी असावीत.

गोष्ट सुरू झाली ती भैय्याजीच्या किराणा दुकानासमोर. धान कापून झालं होतं, मळणी उरकत आली होती आणि दुकानाच्या ओट्यावर माणसं बसायला मोकळी झाली होती. भैय्याजी वाईट माणूस नाही, पण ओट्यावर चार जण जमले की त्याच्या जिभेला खाज सुटते. मला पाहून म्हणाला, "वहिनी, तुमी साहेब लोकायले जंगल दाखवता म्हणे. आपल्या गावातली एक तरी बाई येईन काय तुमच्या मांगं, नुसती फिराले?"

सगळे हसले. हसण्याचं मला काही नाही, पण प्रश्न झोंबला. कारण खरंच कोणी आलं नव्हतं. मी सगळ्या जगाला जंगल दाखवत होते आणि माझ्या गावाच्या लेखी ते सोंग होतं. मी तिथेच सांगून टाकलं की संक्रांतीच्या आधी या गावच्या बायका घेऊन बोकड्या पहाडाच्या माथ्यावर जाऊन दाखवीन, आणि नाही जमलं तर पुन्हा तुमच्यासमोर गाईडगिरीचं नाव काढणार नाही. रागाच्या भरात माणूस जास्तच बोलतो. मी तर नेहमीच बोलते.

बोकड्या पहाड आमच्या गावाच्या मागेच आहे. पायथ्याशी तलाव, तलावाच्या पाळीवरून वाट, आणि वर दोन काळे सुळके, बोकडाच्या शिंगांसारखे. अर्ध्या पहाडापर्यंत साग, ऐन, मोह, तेंदू, आवळा. तिथपर्यंत प्रत्येक बाईच्या पायवाटा आहेत. त्याच्या वर नुसता कातळ. तिथे ना काडी मिळते ना पान, म्हणून कुठलीही वाट वर जात नाही. बकऱ्या चारणारी पोरं कधीमधी चढतात. पण आमच्या गावची एकही बाई माथ्यावर गेलेली नव्हती. कोणी अडवलं होतं असं नाही, जायला काही कारणच नव्हतं.

बायका जमवायला मला आठवडा लागला. शेजारची देवकाबाई तयार झाली, कारण तिचं माझ्यापुढे काही चालत नाही. समोरच्या घरची नवी सून डिंपल तयार झाली, कारण लग्न होऊन आल्यापासून ती घर आणि धानाची बांधी यांच्या पलीकडे गेलीच नव्हती. बचतगटातल्या आणखी तिघी आल्या. रविवारी सकाळी भाकरी बांधून आम्ही निघालो तेव्हा भैय्याजी दुकानाचं शटर उघडत होता. त्यानं हात जोडून निरोप दिला.

पहिला अर्धा तास फार छान गेला. तलावावर बदकं उतरली होती. ही परदेशातून हिमालय ओलांडून येतात असं मी सांगितलं, तेव्हा देवकाबाईला ते खोटंच वाटलं, पण डिंपल थांबून बघत राहिली. मग जंगल लागलं आणि माझी सहल मला दिसेनाशी झाली.

मी पुढे चालत बोलत होते. मागे वळून पाहिलं तर एक जण आवळ्याच्या झाडाखाली, दोघी झाडूचं गवत उपटताहेत, आणि देवकाबाई एक पडलेली सागाची फांदी पायाखाली धरून मोडते आहे. मी हाक मारली की यायच्या, दहा पावलांवर पुन्हा पांगायच्या. नाल्यापाशी भाकरी खायला बसलो तेव्हा प्रत्येकीजवळ एक मोळी नाही तर गाठोडं होतं. देवकाबाईनं तर वेलीचा दोर करून मोळी बांधून, चुंबळसुद्धा वळून तयार ठेवली होती.

मी विचारलं, आता हे डोक्यावर घेऊन कातळ कसा चढणार? देवकाबाईनं मोळी आणखी जवळ ओढली. मोळ्या इथेच ठेवून वर जाऊ म्हटलं, तर ते त्याहून अवघड. मागे कोणी नेल्या तर? एवढी वाळलेली काडी कोण सोडून जाईल? मी चिडले, मोठ्यानं बोलले, तुम्हाला फिरायला आणलं की मजुरीला आणलं असं काहीबाही बोलले. त्यावर डिंपलनं हळूच माझ्या पदराकडे बोट दाखवलं. माझ्याही पदराच्या गाठीत आवळे होते. ते कधी तोडले ते मला आठवेना. हात आपोआप गेला होता.

परत आलो तेव्हा ओटा भरलेला होता. डोक्यावर मोळ्या घेतलेल्या बायकांची रांग आणि सर्वांत पुढे मी. भैय्याजीनं एकच प्रश्न विचारला, टूर चांगला झाला वाटते, आवळे पावानं देता की किलोनं? ते हसणं आमच्या अंगणापर्यंत ऐकू आलं असावं, कारण घरी पोचले तेव्हा सासूबाई दारातच उभ्या होत्या.

मला वाटलं, आता यांचंही ऐकावं लागणार. पण त्यांचा चेहरा वेगळाच होता. त्यांनी माझ्या पदरातले आवळे काढून घेतले, कोपऱ्यात टाकले आणि म्हणाल्या, "घरात मी तुले काईबी म्हणीन. पर त्या भैय्यानं माह्या सुनेले कायले हासावं? पुढच्या बारी मीबी येतो."

मला हसावं की रडावं कळेना. माझ्या सासूबाई म्हणजे साऱ्या गावात गोळा करण्यात पहिल्या नंबरच्या. चालता चालता त्यांच्या हातात काड्या कशा येतात ते डोळ्याला दिसतसुद्धा नाही. पाच बायकांना आवरताना माझी ही गत झाली होती, आणि आता खुद्द त्यांनाच बरोबर न्यायचं होतं. वयानं साठी ओलांडलेल्या, गुडघा पावसाळ्यात धरायचा. निघायच्या सकाळी जागेश्वर म्हणाला, आईला नेऊ नको, पडली तर? त्यावर त्यांनीच त्याला सांगितलं की तू पाळण्यात होतास तेव्हापासून मी त्या पहाडावर जाते, तू गप बस आणि आज भात तू टाक.

या वेळी मी नियम केला. विळा नाही, दोर नाही, पिशवी नाही. पाणी आणि भाकरी तेवढी पाठीला. जी वाकून काही उचलेल तिला तिथून परत पाठवीन. बचतगटातल्या तिघींपैकी एकीच्या घरी सारवण निघालं, म्हणून सासूबाई धरून आम्ही सहाजणी उरलो. सासूबाई लुगड्याचा काष्टा घट्ट मारून निघाल्या. दुकानापाशी त्यांनी भैय्याजीकडे पाहिलंसुद्धा नाही.

खरी परीक्षा नाल्याच्या अलीकडे होती. ऐनाचं एक अख्खं झाड वाळून वाटेवर आडवं पडलं होतं. असं जळाऊ लाकूड वर्षात एखाद्या वेळी नशिबी येतं. सगळ्या थांबल्या. सगळ्यांची नजर सासूबाईंकडे होती. त्यांनी त्या झाडाभोवती एक चक्कर मारली, एका फांदीवर टिचकी मारून पाहिली, चांगली खणखणीत वाजली. मग त्यांनी दोन्ही हात पाठीमागे नेऊन एकमेकांत अडकवले आणि तशाच, शाळेतल्या गुरुजींसारख्या, पुढे चालू लागल्या. मग बाकीच्यांची काय बिशाद. माझ्या मागे पाच बायका हात पाठीला बांधून निघाल्या. कोणी पाहिलं असतं तर वाटलं असतं, पोलीस घेऊन चालले आहेत.

हात मोकळे झाले आणि मग तोंडं मोकळी झाली, डोळेही. मोहाच्या बुंध्यावर अस्वलाच्या नखांचे ओरखडे मी दाखवले, तर देवकाबाईनं तिची आणि अस्वलाची एकाच झाडाखाली पहाटे कशी गाठ पडली, मोहफुलाची टोपली तिथेच टाकून ती कशी पळाली आणि अस्वलही दुसऱ्या बाजूला कसं पळालं, ते साभिनय सांगितलं. गेटवर मला अस्वलाबद्दल कितीतरी शिकवलं होतं, पण हे नव्हतं. पुढच्या आठवड्यात मी पाहुण्यांना ती गोष्ट देवकाबाईच्या नावासकट सांगितली.

थोडं वर पांढऱ्या सालीचं एक मोठं झाड आहे, भुताचं झाड म्हणतात ते. त्याच्या खोडात उंचावर एक ढोली आहे. ही धनेश पक्ष्याची, मी सांगितलं. उन्हाळ्यात मादी आत बसते, ढोलीचं तोंड लिंपून घेते, चोच जाईल एवढीच फट ठेवते, आणि पिल्लं मोठी होईपर्यंत नर बाहेरून तिला चारतो. बायका मान वर करून बघत राहिल्या. देवकाबाई म्हणाली, बाळंतपणात आमच्या माणसानं एक फळ आणून दिलं नाही, आणि हा पाखरू असून! त्यावर सगळ्यांना एवढं हसू आलं की झाडावरची वानरं ओरडायला लागली.

सासूबाई मात्र हसल्या नाहीत. त्या ढोलीकडे पाहत होत्या. या झाडाच्या बाजूनंच त्यांची मोहाची वाट जाते. इतकी वर्षं त्या इथून गेल्या होत्या आणि ही ढोली त्यांनी आज पाहिली. त्यांनी मला दोनदा विचारलं, ही नवी झाली की जुनीच आहे? जुनीच आहे, आई, मी म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि पुढे चालू लागल्या.

कातळ लागला तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. खालून तो सोपा दिसतो. जवळ गेल्यावर कळतं की पाय ठेवायला जागा आहेत, पण त्या शोधाव्या लागतात, आणि एका ठिकाणी तर हातांनी वरची कड धरून अंग वर ओढावं लागतं. त्या जागी बाजूला खोल उतार आहे. मी आधी एकटी इथपर्यंतच येऊन ती जागा बघून गेले होते, तरी ती कड पुन्हा एकदा हातानं चाचपून पाहिली. कोणाचं काही झालं तर भैय्याजीचं हसणं बाजूलाच राहील, मी स्वतःच स्वतःला माफ करणार नव्हते.

डिंपल शेळीसारखी चढून गेली. दोघी तिच्या मागे गेल्या. देवकाबाई मधेच थांबली. तिच्या प्लास्टिकच्या चपला घसरत होत्या, तिनं कातळाला मिठी मारली आणि डोळे मिटून घेतले. वर जाईना, खाली येईना. मी गेटवर शिकलेलं सगळं बोलून पाहिलं, श्वास घे, खाली पाहू नको, घाबरू नको. घाबरलेल्या माणसाला घाबरू नको म्हणण्याचा आजवर कधी उपयोग झालेला नाही.

सासूबाई मला बाजूला सारून पुढे आल्या. त्यांच्या पायांत काही नव्हतंच. चपला त्यांनी पायथ्याशीच कमरेला खोचल्या होत्या. देवकाबाईच्या चपला त्यांनी स्वतः ओढून काढल्या आणि म्हणाल्या, "देवका, उघड्या पायाले गोटा धरून ठेवते. बांधीच्या धुऱ्यावरून रोज डोक्यावर पेंढ्या घेऊन चालते ना तू? थो धुरा याच्याहून अरुंद हाय. आज तं डोक्यावर कायच नाही. चाल."

देवकाबाईनं डोळे उघडले. धुऱ्याचं तिला पटलं असावं. रोवणीच्या चिखलात, हातभर रुंद बांधावरून, आमच्या धुऱ्यावरून, डोक्यावर भारा घेऊन ही बाई पळते. तिनं पायाची बोटं कातळात रुतवली, वरून डिंपलनं हात दिला, खालून मी खांदा लावला, आणि ती वर गेली. तिच्यामागे सासूबाई काष्टा सावरत अशा चढल्या की त्यांचं लुगडं कुठेच अडलं नाही, माझी साडीच मध्ये मध्ये येत होती.

आणि मग वर चढायला काही उरलंच नाही. आम्ही माथ्यावर होतो.

वारा एवढा होता की पदर हातात धरावे लागले. दोन शिंगांच्या मधे सपाट खडक आहे, अंगणाएवढा. खाली आमचं सगळं जग पडलेलं होतं. कापलेल्या धानाच्या बांध्या, चौकोन चौकोन, कुठे लाखोळी डाळीच्या पिकाचा हिरवा रंग चढलेला. मी तलाव मोजायला लागले आणि विसरले, इतके तलाव चमकत होते. दूर, कारधा गावाच्या बाजूला, वैनगंगेची पांढरी रेघ. गाव तर मुठीत मावेल एवढं. जी ती आपलं घर शोधत होती आणि सापडलं की दुसरीला ओढून दाखवत होती. डिंपलनं तिचं घर सापडल्यावर फोटो काढले नाहीत, नुसती बघत बसली.

सासूबाई कडेजवळ बसल्या होत्या. मी शेजारी बसले. त्यांनी मला विचारलं, आपली काड्यांची वाट कोणती? मी बोट दाखवलं. तलावाच्या पाळीवरून निघून अर्ध्या पहाडाशी संपणारी एक बारीक पिवळी रेघ. त्यांनी ती रेघ हवेत बोटानं गिरवली.

"मोळी डोक्यावर असली का मान वर होत नाही, रुपा," त्या म्हणाल्या. "सारा जलम मी तिथून आलो-गेलो. पुढच्या बाईच्या टाचा तेवढ्या पाह्यल्या. हा पहाड केवढा हाय, हे मले मालूमच नोतं."

माझं तोंड दिवसभर चालतं, पण तेव्हा चाललं नाही. मग त्यांनी पदरानं चेहरा पुसला आणि एकदम विचारलं, तुझ्या मोबाइलमध्ये भैय्याचा नंबर आहे का?

गावात रेंजसाठी आम्हाला पाण्याच्या टाकीजवळ जाऊन उभं राहावं लागतं. इथे मात्र सगळ्या दांड्या भरलेल्या होत्या. मी फोन लावून स्पीकरवर टाकला.

"भैय्या, चंद्रभागाकाकू बोलून राहिलो. दुकानाच्या बाहेर निघ. निघ म्हणतो ना. आता बोकड्याकडे पाह्य. शिंगाच्या मधात."

सासूबाईंनी खूण केली आणि आम्ही सगळ्या कडेपासून हातभर मागे, आभाळाला पाठ देऊन, एका ओळीत उभ्या राहिलो. हात वर केले. खालून आम्ही उडदाच्या दाण्याएवढ्या दिसत असू, पण दिसत होतो. फोनमध्ये चपलांचे आवाज, कोणी तरी कोणाला बोलावतंय, ओटा रिकामा होतोय.

"काकू," भैय्याजीचा आवाज आला, "थ्या वर तुमी हा काय?"

"मोज."

त्यानं मोजलं, मोठ्यानं, पोरांना शिकवतात तसं. सहापाशी थांबला.

"सहा निघालो होतो, सहा वर हाओ," सासूबाई म्हणाल्या. "आमच्या रुपानं आणलं आमाले. तिथं जमले तेवढ्या समद्यायले सांग."

मला शहरातल्या मोठमोठ्या लोकांनी शाबासकी दिली आहे. एकदा वाघीण तिच्या दोन पिल्लांसह दाखवली तेव्हा एका बाईंनी मला मिठी मारली होती. पण त्या दिवशी त्या खडकावर माझी छाती जेवढी फुगली तेवढी कधीच फुगली नव्हती, आणि हे सांगायला मला लाज वाटत नाही. पलीकडून भैय्याजी म्हणाला, मानलं वहिनीले. अगदी सरळ आवाजात म्हणाला, चेष्टा नव्हती. सासूबाईंनी फोन माझ्यापुढे धरला, तिलाच सांग म्हणाल्या. त्याच्यासाठी मी किती दिवस उत्तरं जमवून ठेवली होती. एकही आठवलं नाही. मी नुसतं हो म्हटलं आणि फोन बंद केला.

देवकाबाईनं विचारलं, आता उतरायचं का, ऊन चढतंय, घरी कामं पडली आहेत. मीही उठायला लागले.

"बसा वो थोड्या," सासूबाई म्हणाल्या. "घाई कायची हाय?"

लग्न होऊन आल्यापासून त्यांच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. आम्ही पुन्हा बसलो, भाकरी सोडल्या, आणि पुढच्या खेपेला कोणत्या पहाडावर जायचं यावरून सासूबाईंचं आणि देवकाबाईचं तिथेच भांडण सुरू झालं.